बाईंचं तैलचित्र : कोणता फोटो घ्यायचा?

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रातील भाषण)



शाळेच्या वाचनालयात बाईंचं तैलचित्र लावायचं आपण ठरवलंत आणि ते काम माझ्यावर सोपवलंत. ग्रुपवर मी म्हटलं, बाईंचे फोटो पाठवा. त्रेसष्ट फोटो आले आणि तितकीच मतंही आली. कुणाला निरोप समारंभातला शाल-श्रीफळाचा फोटो हवा आहे, कुणाला सहलीतला हसरा. बाईंची लेक आज आपल्यात बसली आहे, तिला आईचा पिकल्या केसांचा, अलीकडचा फोटो हवा आहे. एकदा रंग चढायला लागला की मत बदलणं महागात पडतं. म्हणून संयोजकांकडे मी ही दहा मिनिटं मागून घेतली.

पहिली गोष्ट. बघायला छान असलेला फोटो चित्राला उपयोगी असतोच असं नाही. चित्रकार आधी उजेड शोधतो. उजेड एका बाजूने आला की नाकाची, गालाची, हनुवटीची सावली पडते, आणि चेहऱ्याचा उंचसखलपणा त्या सावलीतूनच कळतो. समारंभातल्या फोटोंवर समोरून फ्लॅश मारलेला असतो. त्यात चेहरा पापडासारखा सपाट होतो, चष्म्याच्या काचा चमकतात आणि नेमके डोळेच हरवतात. आपला शाल-श्रीफळाचा फोटो तसा आहे. पासपोर्ट फोटोचंही तेच.

दुसरी गोष्ट अंतराची. मोबाइल तोंडाजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. माणूस तसा नसतो. सहा-सात फुटांवरून काढलेल्या फोटोत प्रमाण बरंचसं खरं येतं. आणि ग्रुपवर पाठवलेला फोटो वाटेत बारीक होतो, पापण्या-सुरकुत्यांचे तपशील पुसले जातात. म्हणून अल्बममधला मूळ फोटोच माझ्या हातात द्या, मी स्कॅन करून परत देईन. चेहरा गुळगुळीत करणारं कुठलंही ॲप त्यावर चालवू नका. बाईंच्या कपाळावरच्या आठ्या मला हव्या आहेत. त्यातल्या निम्म्या आपणच दिल्या आहेत.

तिसरी गोष्ट रंगाची. त्या काळातले रंगीत फोटो आता तांबूस पडलेत, त्यावरून कातडीचा रंग ठरवता येत नाही. तो मी तुम्हाला विचारूनच ठरवणार आहे. दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बाईंना जरा उजळ दाखव. मित्रांनो, बाई सावळ्या होत्या. सावळ्या रंगात तांबडा, हिरवा, जांभळा असे कितीतरी रंग लपलेले असतात, ते रंगवण्यातच खरी गंमत आहे. वाचनालयात बसणाऱ्या एखाद्या सावळ्या मुलीला भिंतीवर आपल्यासारख्या बाई दिसल्या, तर त्याचं मोल मोठं आहे. यात मी बदल करणार नाही.

हसऱ्या फोटोबद्दल थोडं. कॅमेरा डोळ्याची पापणी लवण्याआधी हसू पकडतो. चित्राकडे मात्र लोक वर्षानुवर्षं बघतात, आणि दात दाखवणारं हसू हळूहळू ताणलेलं वाटू लागतं. ओठ मिटलेले आणि डोळ्यांत हसू, हे जास्त टिकतं. बाईंचं हसू तरी कुठे वेगळं होतं?

मग त्रेसष्ट फोटोंचं करायचं काय? माझी पद्धत अशी : एक फोटो मुख्य, बाकीचे साक्षीदार. मुख्य फोटोतून मान, उजेड आणि नजर घ्यायची. साक्षीदारांना प्रश्न विचारायचे. अंबाडा किती खाली बांधायच्या? कानात काय असायचं? चष्म्याची दांडी कशी होती? साडीचे काठ किती रुंद? पण एका फोटोतले डोळे आणि दुसऱ्यातलं तोंड अशी जुळवाजुळव करायची नाही. दोन्हीकडचा उजेड आणि मानेचा कल वेगळा असतो. मग प्रत्येक अवयव बरोबर येतो आणि माणूस मात्र येत नाही.

आता सगळ्यात अवघड प्रश्न : कोणत्या बाई? पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. एक पुरुष वेषातलं, दुसरं स्त्रीभूमिकेतलं. माणूस एकच, पण एका चौकटीत दोघांना कोंबण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. आपल्यापुढेही दोन बाई आहेत. एक लेकीची आई, एक आपल्या गणिताच्या बाई.

शाळेसाठी मी सुचवतो तो फोटो मागच्या टेबलावर ठेवला आहे. प्रदर्शनाच्या दिवशी आपल्यातल्याच एकाने रोलच्या कॅमेऱ्याने काढलेला. बाई खिडकीपाशी उभ्या आहेत, हातात कुणाची तरी वही आहे, आणि वहीतून मान वर करून त्या समोरच्याकडे बघताहेत. 'हे उत्तर कसं आलं, सांग बघू?' ही ती नजर. आपण सगळे कधी ना कधी तिच्यासमोर उभे राहिलो आहोत. उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो, काचा चमकत नाहीत, आणि हातही दिसतात. हात हवेतच. खडूने पांढरी झालेली बोटं नसतील तर त्या आपल्या बाई कशा?

मांडणी अशी करेन. कॅनव्हास तीस बाय छत्तीस इंच, उभा, कमरेपर्यंत बाई. डोकं खऱ्यापेक्षा किंचित लहान, कारण चौकटीत खऱ्या मापाचं डोकं मोठं भासतं. ज्या बाजूला बाई बघताहेत त्या बाजूला मोकळी जागा जास्त, म्हणजे नजरेला जायला वाट राहते. मागे फक्त काळसर हिरवा फळा, त्यावर काही लिहायचं नाही. वाचनालयाच्या भिंतीलाही उजेड डाव्या खिडकीतूनच येतो, त्यामुळे चित्रातला आणि खोलीतला उजेड जुळेल. थेट ऊन मात्र त्यावर येऊ द्यायचं नाही. आणि शाळेला एक विनंती, या चित्राला चंदनाचा हार घालू नका. हार घातला की मुलं लांबूनच नमस्कार करून जातील. बाईंनी त्यांच्याकडे बघावं आणि त्यांनी बाईंकडे, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

संमती आधी घ्यायची ती का, तेही सांगतो. १९५४ मध्ये विन्स्टन चर्चिल यांच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी ब्रिटिश संसद सदस्यांनी आपल्यासारखीच वर्गणी काढून ग्रॅहम सदरलंड या चित्रकाराकडून त्यांचं चित्र करून घेतलं. चर्चिलना ते मुळीच आवडलं नाही, आणि पुढे त्यांच्या घरच्यांनीच ते नष्ट करवलं. आपल्याला तसं नको. म्हणून आधी त्याच मापाच्या कागदावर कोळशाचं रेखाटन करेन, ते बाईंच्या लेकीला आणि समितीला दाखवेन, आणि होकार आल्यावरच रंग उघडेन.

ताई, तुमच्या फोटोतल्या पिकल्या केसांच्या बाई आम्हाला फारशा ठाऊक नाहीत, त्या तुमच्या आहेत. त्यांचं एक वेगळं कोळशाचं चित्र मी तुमच्या घरासाठी करेन, त्याचा खर्च या वर्गणीत धरायचा नाही. शाळेच्या भिंतीसाठी मात्र आमच्या वयाच्या आठवणीतल्या बाई आम्हाला द्या, एवढं मागणं आहे. शेवटचा शब्द तुमचाच.

बाकीच्यांनी जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी या. तिथे एक वही ठेवली आहे. बाईंचा काठ, कुडी, घड्याळ, चष्मा, जे आठवेल ते लिहा. दोन आठवणी जुळल्या नाहीत तरी दोन्ही लिहा. गुरुजनांनो, तुम्ही बाईंबरोबर शिक्षक खोलीत बसलात, तुमची साक्ष आम्हाला सगळ्यात मोलाची.