बापाची दारू, मुलाचा मेंदू



माझे अब्बा दारू प्यायचे. हे चारचौघांत बोलायला मला पस्तिशी गाठावी लागली. आपल्यात दारू हराम, म्हणून घरात कुणी पितं हे कबूलच करायचं नाही. अम्मी शेजाऱ्यांना सांगायची, "त्यांची तब्येत बरी नाही." मोहल्ला मात्र आम्हा भावांकडे बघून म्हणायचा, "बापावरच जाणार!"

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, डॉक्टर नव्हे. पण या टोमण्यात तथ्य किती, हे मी शोधलं. १९८४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये हेन्री बेग्लायटर आणि सहकाऱ्यांनी व्यसनी वडिलांच्या लहान मुलग्यांची चाचणी घेतली. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, पडद्यावर सारख्या आकृत्या दाखवायच्या आणि मध्येच एखादी वेगळी. वेगळी आकृती दिसली की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत विजेची एक लाट उठते. तिचं नाव पी-३००. ती इतकी क्षीण असते की अनेक नोंदींची सरासरी काढल्यावरच गोंगाटातून वेगळी दिसते. या मुलांची लाट इतर मुलांपेक्षा ठेंगणी निघाली. आणि त्यांनी दारू चाखलेलीही नव्हती! म्हणजे हा फरक पिण्यामुळे आलेला नव्हता. पुढे बंगळुरूच्या निम्हान्समधल्या अभ्यासातही असंच दिसलं.

मग मोहल्ला खरा ठरला का? नाही. हा फरक गटांच्या सरासरीतला आहे. एकट्या मुलाची लाट बघून तो पिणार की नाही, हे सांगता येत नाही. अतिचंचल मुलांमध्येही ती लहान आढळते. व्यसनाच्या धोक्यात अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा. उरलेल्यात घर, दोस्त, पहिला घोट कोणत्या वयात घेतला, हे सगळं येतं.

घरात डायबेटिस असेल तर आपण मुलांना सांगतो, वेळेवर साखर तपासतो. दारूचं मात्र लपवतो. माझा धाकटा भाऊ हॉस्टेलला निघाला, तेव्हा "तुला इतरांपेक्षा धोका जास्त आहे" हे त्याला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन त्याला आता आठ महिने झालेत. त्याला विचारूनच हे बोलतोय.

तुमच्याही घरात असं कुणी असेल, तर धाकट्यांना सांगा. टोमणा मारून नाही, शेजारी बसवून. आपण लपवतो ती आपली इज्जत, पण त्याची किंमत ते मोजतात.