क्रियापदाची शेपटी

इंग्रजीची भीती वाटते असं सांगणाऱ्या माणसाला ‘कशाची?’ म्हणून विचारून पाहा. बहुतेक वेळा उत्तर येतं, शब्दांची. मग तो शब्दकोश घेऊन बसतो आणि रोज दहा शब्द पाठ करतो. पोस्टपोन, टॉलरेट, एन्टर, रिमूव्ह. हे शब्द त्याला येतात, स्पेलिंगसकट येतात. आणि एके दिवशी कचेरीत साहेब म्हणतात, ‘लेट्स पुट इट ऑफ.’ इथे गाडी अडते. पुट म्हणजे ठेवणे, इट म्हणजे ते, ऑफ म्हणजे बंद. तिन्ही शब्द शाळेत शिकलेले, पण तिघे एकत्र आले की अर्थ हाती लागत नाही. साहेबांना म्हणायचं असतं, ‘हे पुढे ढकलू या.’ म्हणजे पाठ केलेलं पोस्टपोनच!

श्रोतेहो, रोजच्या इंग्रजीतली खरी अडचण अप, ऑफ, आऊट, इन, इंटू, थ्रू अशा चिमुकल्या शब्दांत आहे. क्रियापद पुढे चालतं आणि हे शब्द शेपटीसारखे त्याच्या मागून येतात. पण जनावर कुठे वळणार हे शेपटीच ठरवते.

ही अडचण फक्त आपलीच आहे असं नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश छापला. परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जड जातात त्या क्रियापद आणि अव्ययाच्या जोड्या, असं त्यांनी त्याच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवलं आहे. अशा जोडीला ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झालं ते फार उशिरा, लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या 1925 सालच्या पुस्तकामुळे. नाव नवं, पण बायाबापड्यांच्या तोंडी या जोड्या शतकानुशतकं होत्या.

आता इंग्रजी वाक्य आपली कामं कशी वाटून देतं ते पाहू. आपण म्हणतो, ‘मुलगी धावत घराबाहेर आली.’ यात मुख्य क्रियापद कोणतं? ‘आली.’ ती बाहेर आली, ही मुख्य बातमी. कशी आली, तर ‘धावत’. ते आपण बाजूला जोडलं. इंग्रजी माणूस म्हणेल, ‘द गर्ल रॅन आऊट ऑफ द हाऊस.’ इथे धावणं हेच मुख्य क्रियापद झालं आणि बाहेर येण्याचं सगळं काम ‘आऊट ऑफ’ या दोन शब्दांवर सोपवलं. ‘येणे’ हे क्रियापद वाक्यात नाहीच!

आपली एसटी खडखडत स्टँडात शिरते. इंग्रजीत ‘द बस रॅटल्ड इंटू द स्टँड.’ खडखडणं हा खरं तर आवाज. आवाज काही कुठे जात नाही. पण मागे ‘इंटू’ लावलं की नुसता आवाजसुद्धा बसला स्टँडात आणून सोडतो. ‘शी टॉक्ड मी इंटू इट’ म्हणजे तिनं बोलून बोलून मला तयार केलं. ‘ही स्लेप्ट थ्रू द मीटिंग’ म्हणजे सभा सुरू झाली, संपली, आणि हा गडी आपला झोपलेलाच. एवढं सगळं एका ‘थ्रू’मध्ये.

लिओनार्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांनी 1985 साली हा भेद नीट मांडला. काही भाषा हालचालीची दिशा क्रियापदात ठेवतात, काही ती क्रियापदाबाहेरच्या छोट्या शब्दावर सोपवतात. पुढे रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी पाच भाषांतल्या मुलांना आणि मोठ्यांना हरवलेल्या बेडकाची एक चित्रगोष्ट दाखवली. मर्सर मायर यांच्या 1969 सालच्या त्या पुस्तकात शब्द नाहीत, नुसती चित्रं. गोष्ट ज्यानं त्यानं आपल्या भाषेत सांगायची. झाडाच्या ढोलीतून घुबड येतं, त्या चित्रापाशी स्पॅनिश आणि तुर्की बोलणारे बहुधा ‘घुबड बाहेर आलं’ एवढ्यावर थांबत. इंग्रजी आणि जर्मन बोलणाऱ्यांपैकी काही जण ते कसं आलं हेही सांगून जात, कारण त्यांच्या क्रियापदाची जागाच त्यासाठी राखलेली. चित्र एकच, पण भाषा माणसाची नजर वेगवेगळ्या ठिकाणी नेते.

या शेपटीत एक गंमतही आहे. ‘ही हिट द मॅन विथ द स्टिक.’ काठी कुणाच्या हातात? मारणाऱ्याच्या की मार खाणाऱ्याच्या? इंग्रजी वाक्य ते सांगत नाही. ‘विथ द स्टिक’ हे शेपूट क्रियापदालाही चिकटतं आणि माणसालाही. मराठीला असं कुंपणावर बसता येत नाही. ‘त्यानं त्या माणसाला काठीनं मारलं’ किंवा ‘काठीवाल्या माणसाला मारलं’, यांतलं एक निवडावंच लागतं. कवितेचा अनुवाद करणाऱ्याला असा ‘विथ’ भेटला की रात्र जाते. न्यायालयात भेटला तर आरोपीची काय गत होईल, याचा विचार करा.

मग या जोड्या आपल्याला कायमच्या परक्या आहेत का? मुळीच नाही. आई ताटासमोर बसलेल्या मुलाला म्हणते, ‘खाऊन टाक.’ इथे कुणी काही टाकत नाही. ‘टाक’ म्हणजे पुरतं संपव. इंग्रज आई हेच ‘ईट इट अप’ म्हणते. तिथे कुणी वर जात नाही, इथे काही टाकलं जात नाही. आमच्या घरातल्या दखनीतही ‘खा डाल’ आहेच. विसरून जा, देऊन टाक, करून ठेव, बोलून बसला. या प्रत्येकात मागचा शब्द आपला मूळ अर्थ सोडून पुढच्या क्रियापदाला रंग देतो. ‘बोलला’ आणि ‘बोलून बसला’ यांत केवढं अंतर आहे, हे आपल्या मुलाला कुणी शिकवत नाही. ते त्याला आपोआप कळतं, कारण त्यानं ते घरात ऐकलेलं असतं.

आणि चित्रही पुष्कळदा सारखंच असतं. ‘पुट ऑफ’ म्हणजे आपल्यापासून दूर ठेवणं. आपणही काम ‘लांबणीवर टाकतो’च की! ‘लुक आफ्टर’चा अर्थ ‘मागे पाहणे’ असा लावणाऱ्याला आपण हसतो. पण ‘गावी म्हाताऱ्या आईला कोण पाहतं?’ असं आपण विचारतो, तेव्हा ते पाहणंही सांभाळणंच असतं. ‘वी रॅन आऊट ऑफ मिल्क’ म्हणजे दूध संपलं. आपण चालत चालत दुधाच्या साठ्याबाहेर येऊन पडलो, असं चित्र डोळ्यांपुढे आणलं की ते वाक्य पाठ करावं लागत नाही.

छोट्या शब्दांची ही ताकद सी. के. ऑग्डेन यांनी ओळखली होती. 1930 साली त्यांनी ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. एकूण शब्द 850 आणि त्यांत क्रियापदं केवळ 18. इतक्या थोड्यांत भागतं कसं? एन्टर नको, ‘गो इन’ म्हणा. रिमूव्ह नको, ‘टेक अवे’ म्हणा. पण एक खोच लक्षात ठेवायला हवी. शब्द कमी झाले, तरी जोड्यांचे अर्थ शिकण्याचं काम उरतंच.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. घरात ज्याच्या कानावर इंग्रजी पडते, त्याला या शेपट्या फुकट मिळतात. वाडीवस्तीवरच्या मुलाला त्या मिळत नाहीत. त्याच्या वाट्याला येतात शब्दार्थांच्या याद्या. मुलाखतीला तो लांबलचक शब्द घेऊन जातो आणि ‘कॅरी ऑन’ म्हटल्यावर गोंधळतो. तो हुशारीत कमी नसतो. त्याला भाषेचा जो भाग ऐकायला मिळाला नाही, त्याचीच परीक्षा तिथे होते.

म्हणून शिक्षकांना आणि आईवडिलांना एक सुचवावंसं वाटतं. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, हा सुटा अर्थ वहीत उतरवून थांबू नका. टोपी घालताना ‘पुट इट ऑन’ म्हणा, काढताना ‘टेक इट ऑफ’. दारातून आत जाताना ‘गो इन’, बाहेर येताना ‘कम आऊट’. डबा संपला की ‘ईट इट अप’. अंगाच्या हालचालीबरोबर आलेला शब्द अंगात राहतो. आणि त्याच वेळी मुलाला विचारा, हे आपल्या भाषेत कसं म्हणशील? तो ‘घालून टाक’, ‘काढून ठेव’, ‘खाऊन टाक’ असं सांगेल. दोन्ही भाषांच्या शेपट्या त्याला शेजारी शेजारी दिसू द्या. मग परक्या भाषेची भीती कमी होईल आणि आपल्या भाषेत किती आहे, हेही त्याला कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)