कमी पडलेले सहा हजार सहाशे
(उमरखेड येथे बचत गटांचे हिशेब ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला कायद्यावर बोलायला बोलावलं असतं तर सोपं गेलं असतं. पण इथल्या बायांनी निरोप दिला, "ताई, कायद्याचं मागच्या खेपेला झालं. आता हिशेबाचं सांगा. बँकेचं स्टेटमेंट कम्प्युटरवर उतरवून घेतो, आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो, अन् मंग जमतच नाही." म्हणून आज मी हिशेबावर बोलणार आहे. मी कॉमर्स शिकलेली नाही. गटाची रोजकीर्द लिहिता लिहिता जे शिकले, तेवढंच माझ्याजवळ आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. गावाचं आणि बाईचं नाव घेत नाही. पैनगंगेकाठचं गाव, एवढंच समजा. गटात अकरा जणी, दरमहा प्रत्येकीची दोनशे रुपये बचत. म्हणजे महिन्याला बावीसशे. सचिव बाई हे पैसे गोळा करून बँकेत भरायची. दिवसाची मजुरी पाडून, एसटीने उमरखेडला येऊन भरायची, हेही लक्षात ठेवा. २०२४ च्या सप्टेंबरात गावातल्या एका कॉलेजच्या मुलीने सगळ्यांच्या भल्यासाठीच ठरवलं की आता हिशेब कम्प्युटरवर घ्यायचा. घरखर्चासाठी मोफत मिळणारं एक सॉफ्टवेअर तिने घेतलं, बँकेच्या साइटवरून एप्रिल ते ऑगस्टचं स्टेटमेंट उतरवलं आणि त्यात भरलं. पाच महिन्यांचे अकरा हजार दिसायला हवे होते. दिसले चार हजार चारशे. सहा हजार सहाशे रुपये कमी.

पुढे काय झालं असेल ते तुम्हाला मी सांगायला नको. कम्प्युटर खोटं बोलत नाही, असं एकीने म्हटलं. दुसरीला आठवलं की सचिवबाईंनी दिवाळीत नवीन पातळ घेतलं होतं. तिच्या नवऱ्याला तर बोलायला निमित्तच मिळालं, "तुले कोनं सांगितलं होतं लोकाइचे पैशे सांभाळाले?" ती बाई माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक होतं. एकच वाक्य बोलली, "ताई, म्या खाल्ले नाहीत वं."

आम्ही तिघी बसलो: ती, ती मुलगी आणि मी. पासबुकात पाचही भरणे होते. १५ एप्रिल, ७ मे, १० जून, ५ जुलै, १२ ऑगस्ट. मग कम्प्युटरवर काय दिसत होतं? मे आहे, जुलै आहे, बाकी तीन नाहीत. आम्हाला वाटलं बँकेच्या फाइलमध्येच नोंदी कमी आहेत. फाइल उघडून पाहिली तर तिथेही पाच. म्हणजे चोर मधल्या वाटेवर होता.

चोर निघाला तारीख. आपण दिवस आधी लिहितो, मग महिना. अमेरिकेत महिना आधी लिहितात. तो कम्प्युटर ज्याने विकला त्याने तारखेची पद्धत अमेरिकेचीच ठेवलेली. बँकेने लिहिलं १०/०६, म्हणजे दहा जून; कम्प्युटरने वाचलं सहा ऑक्टोबर. ऑक्टोबर अजून उजाडायचाच होता, म्हणून ऑगस्टअखेरच्या बेरजेत तो भरणा आलाच नाही. बारा ऑगस्टचा झाला आठ डिसेंबर. पंधरा एप्रिलमध्ये तर त्याला पंधरावा महिना सापडेना, म्हणून ती ओळ त्याने सोडूनच दिली. आणि गंमत बघा, सात मेचा पाच जुलै झाला व पाच जुलैचा सात मे! दोघांनी आपसात जागा बदलल्या, त्यामुळे ते दोन महिने अगदी बरोबर दिसले. तारखेवर कुणाला संशय आला नाही तो याच्यामुळे. तीन भरणे गायब, तीन गुणिले बावीसशे, सहा हजार सहाशे.

उपाय तुम्हाला सांगून ठेवते. कम्प्युटरच्या सेटिंगमध्ये प्रदेश भारत करून घ्या. ज्या फाइलमधले आकडे नुसते स्वल्पविरामांनी तोडलेले असतात, तिला सीएसव्ही म्हणतात. ती फाइल दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडू नका आणि उघडलीच तर सेव्ह तर मुळीच करू नका, कारण एक्सेल आपल्या मनाने तारखा फिरवतं, खाते क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य खातं आणि लांबलचक आकडा असेल तर त्याचं भलतंच काहीतरी करून ठेवतं. मूळ फाइल एकीकडे जशीच्या तशी जपून ठेवा, काम तिच्या नकलेवर करा. सॉफ्टवेअर फाइल आत घेताना तारखेची पद्धत विचारतं. तिथे दिवस, महिना, वर्ष असं सांगा. आपण घाईत पुढे, पुढे करत जातो, तिथेच फसगत होते. आणि फाइल आत घेतल्यावर लगेच एक बेरीज करा: आरंभीची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे. ती स्टेटमेंटच्या शेवटच्या शिल्लकेइतकी आली नाही तर कुणाच्याही तोंडाकडे बघू नका, फाइलकडे बघा.

तारखेइतकाच घोटाळा जमा आणि नावे या शब्दांनी होतो. सचिवबाई पेटीतले बावीसशे बँकेत भरते. आपल्या रोख वहीत ते नावे बाजूला जातात, कारण पेटीतून गेले. बँकेच्या कागदावर तेच बावीसशे जमा. दोघंही खरं बोलतात. बँक तिची वही लिहिते, आपण आपली. पण सॉफ्टवेअरमध्ये आपल्या मुली हा भरणा खर्च म्हणून टाकतात, आणि मग वर्षाच्या शेवटी गटाने बचतच खर्च केली असं दिसतं. तो खर्च नाही. पेटीतून बँकेत बदली आहे, एवढंच. तसंच आधी एक ते तीस जूनचं स्टेटमेंट घेतलं आणि पुढच्या वेळी पंधरा जूनपासूनचं घेतलं, तर मधल्या पंधरवड्याच्या नोंदी दोनदा बसतात. तेव्हा पैसा वाढलेला दिसतो आणि कुणी तक्रार करत नाही! वाढलेल्या पैशाचीही चौकशी करा.

पीडीएफ फाइलला पासवर्ड असतो. तो कसा बनतो हे प्रत्येक बँकेचं वेगळं आहे; ज्या ई-मेलबरोबर फाइल येते त्यातच लिहिलेलं असतं, नीट वाचा. पीडीएफचं एक्सेल करून देणाऱ्या फुकटच्या साइटवर मात्र गटाचं स्टेटमेंट चढवू नका. अकरा बायांचा व्यवहार आपण कुणाच्या हाती देतोय ते आपल्याला ठाऊक नसतं. इंटरनेटच्या दुकानात उतरवलं असेल तर निघताना ती फाइल तिथून पुसून टाका. एक्सेल किंवा सीएसव्ही मिळते का ते बँकेत विचारा, मागायची लाज वाटू देऊ नका.

आता स्वतःच्या खात्याकडे येते, कारण गटाचा हिशेब चोख ठेवणारी बाई स्वतःचं पासबुक सहा सहा महिने बघत नाही. मी विचारलं की उत्तर येतं, "आमच्या घरचे पाहतात." मे महिन्याच्या शेवटी खात्यातून ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसतात का, ते आज जेवणानंतर बघा. ही चोरी नाही. ४३६ रुपये जीवनज्योती विम्याचे, २० रुपये सुरक्षा विम्याचे. २०२२ च्या आधी हेच ३३० आणि १२ होते. एकात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख मिळतात, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. तुम्हाला नको असेल तर शाखेत लेखी अर्ज देऊन बंद करता येतो. पण बंद करण्याच्या आधी माझं ऐका. आपला यवतमाळ जिल्हा कशासाठी वर्तमानपत्रात येतो ते तुम्हाला माहीत आहे. एका घरी मी वर्षश्राद्धाला गेले होते. बाई सांगत होती की त्याच्या मागे काहीच राहिलं नाही, कर्जाचा कागद तेवढा राहिला. मी नवऱ्याचं पासबुक मागितलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात ४३६ ची नोंद होती, आणि तो पोळ्यानंतर गेला होता. एवढे दिवस ती ओळ घरातल्या पत्र्याच्या पेटीत पडून होती, कुणी वाचली नव्हती. दावा उशिरा झाला म्हणून तिला खेटे घालावे लागले. तिने घातले.

२०२४ साली लाडकी बहीण योजनेचे दीड हजार यायला लागले तेव्हाही हेच झालं. बाई नवीन खातं उघडून त्याच्याकडे डोळे लावून बसलेली, आणि पैसे जात होते जुन्या खात्यात, कारण आधार त्याला जोडलेलं. सरकारी पैसा आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात जातो. तुम्ही अर्जावर कोणतं लिहिलं हे तिथे चालत नाही. काहींच्या खात्यात आला तो जुन्या दंडात वळता झाला. आपलं खातं जनधनचं असेल तर त्यात किमान शिल्लक ठेवण्याची सक्ती नाही, म्हणून तसा दंड कापलेला दिसला तर लेखी विचारा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीसाठी फोन १४४४८, पैसे पडत नाहीत.

एक प्रश्न मी सगळ्या शिबिरांत विचारते, इथेही विचारते. तुमच्या खात्याला मोबाइल नंबर कुणाचा आहे? हात वर करू नका, मनातल्या मनात उत्तर द्या. तो नंबर नवऱ्याचा किंवा दिराचा असेल तर तुम्ही शंभर रुपये काढले तरी निरोप त्याच्याकडे जातो, आणि स्टेटमेंट उतरवायचं तर ओटीपीसाठी त्याचीच परवानगी लागते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळ हीदेखील हिंसा धरली आहे. पोटगीच्या दाव्यात २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. तेव्हा तुमच्या हातात तुमचं स्टेटमेंट असेल का? कम्प्युटरवरची आपण केलेली फाइल कोर्टात पुरावा म्हणून पुरत नाही. बँकेने प्रमाणित केलेला उतारा चालतो, १८९१ पासून त्याचा कायदा आहे. म्हणून सॉफ्टवेअर आलं तरी पासबुकात एन्ट्री मारून घेणं आणि शिक्का मारलेला स्लिपचा तुकडा जपणं सोडू नका. मशीन बंद आहे असं सांगितलं तर पुन्हा जा. त्या सचिवबाईला वाचवलं ते पासबुकानेच.

तिचं पुढे काय झालं ते राहिलंच. गटाची बैठक झाली. त्या मुलीने सगळ्यांसमोर कम्प्युटर लावून तारखा दाखवल्या, आणि रडली. बायांनी माफी मागितली. ज्या बाईने पातळाचा विषय काढला होता ती मात्र त्या दिवशी आली नाही. सचिवबाईंनी माफी घेतली, पेटीची किल्ली अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "बचत मी भरीन, हिशेब आता दुसरीनं ठेवा." आम्ही खूप विनवलं. तिने किल्ली परत घेतली नाही. आता गटात दर महिन्याला भरायला एक नवी बाई जाते, बरोबर दुसरी असते, आणि बैठकीत पासबुक हातोहात फिरतं. वाचता न येणारीही आकडा बोटाने दाखवते.

चला, जेवायला उठायच्या आधी पासबुकं बाहेर काढा. ज्यांनी आणली नाहीत त्यांनी शेजारणीच्यात बघा, पण तिला विचारून.