शाळेतली काचेची पेटी आणि लोहचुंबक

डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आपल्या खेड्यांना आता नवे राहिलेले नाहीत. आरोग्य खात्याची माणसे ते हौदांत नि डबक्यांत सोडतात. अशा दोनचार जोड्या शाळेत काचेच्या पेटीत ठेवल्या, तर मासा अळी कशी टिपतो, अंडी न घालता पिले कशी देतो, हे सारे मुलांना डोळ्यांनी पाहता येते. अडचण एवढीच, की पंधरा दिवसांत काच हिरवी होते. मग मुले पेटी उपसतात, पाणी ओतून देतात आणि नारळाच्या शेंडीने काच घासतात.

हे दोन कारणांनी बरे नव्हे. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि त्याचे रूपांतर करणारे सूक्ष्म जंतू पेटीतल्या वाळूत व काचेवर वाढलेले असतात. सगळे उपसून घासले म्हणजे तेही जातात, आणि स्वच्छ पेटीत मासे मरतात. दुसरे कारण मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाणी सुमारे पाच लाख लिटर. अशा मुलखात काच पुसण्यापायी चार घागरी पाणी ओतणे मनाला पटत नाही.

यावर उपाय लोहचुंबकाचा. एक चुंबक काचेच्या आत, एक बाहेर. आतल्याला खरखरीत नायलॉनचे कापड लावायचे, बाहेरच्याला मऊ नमदा. बाहेरचा सरकवला की आतला त्याच्यामागे सरकतो आणि शेवाळ निघते. हात पाण्यात घालावा लागत नाही, पाणी उपसावे लागत नाही.

आता चुंबक आणायचा कोठून? भंगारवाल्याकडे. नांदेड असो, लातूर असो, उदगीर वा देगलूर असो, बिघडलेले ध्वनिवर्धक तेथे असतातच. त्यांच्या पाठीमागे काळे, भाजलेल्या कौलासारखे ठिसूळ कडे असते, ते फेराइट. लोखंडाच्या ऑक्साइडचेच ते बनलेले असल्यामुळे पाण्यात आणखी गंजत नाही. पाच मिलिमीटर जाडीच्या काचेला, म्हणजे आपल्या शाळेतल्या लहान पेटीला, त्याची ओढ पुरते. दुसरी जात चांदीसारख्या चकाकीची, संगणकाच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये सापडते. ती निओडिमियमची. १९८० नंतरच्या दशकात निघालेला हा चुंबक आकाराच्या मानाने फार जोरकस असतो. पण त्याची चकाकी वरच्या निकेलच्या मुलाम्याची. मुलाम्याला टवका गेला की आतला धातू गंजून भुगा होतो, आणि मुलाम्यातले निकेल व तांबे पाण्यात उतरून गोगलगायींना, माशांना बाधते. तेव्हा शाळेकरिता माझे मत फेराइटच्या बाजूचे आहे.

कोणताही चुंबक पेटीत उघडा सोडू नये. प्लास्टिकच्या लहान झाकणाच्या डबीत घालून सांधे सिलिकोनने बुजवावेत. ते सिलिकोन बुरशीनाशक न मिसळलेले घ्यावे, आणि आंबट वास पुरता जाईपर्यंत, दोनतीन दिवस तरी, डबी पाण्यात टाकू नये. आतल्या डबीला दोरा बांधून ठेवा. निसटून तळाशी गेली तर ओढून काढता येते. चुंबकाला भोक मात्र पाडू नका. फेराइट तडकतो, आणि निओडिमियमची भुकटी पेट घेते.

आणखी एक गोष्ट आपल्याच भागाची. आपल्याकडचा बराचसा खडक काळा बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. तो झिजून झालेली गोदावरीची किंवा मांजरेची वाळू कागदात गुंडाळलेल्या चुंबकाखाली धरा, काळे कण भरभर चिकटतात. वर्गात दाखवायला याहून स्वस्त प्रयोग नाही. पण तीच वाळू पेटीच्या तळाशी घातली, की आतला चुंबक ते कण गोळा करतो आणि काचेवर ओरखडे ओढत जातो. म्हणून वाळू आधी धुवून, वाळवून, तिच्यातून चुंबक फिरवून काळे कण काढून घ्यावेत. आणि चुंबक तळापासून दोन बोटे वरच ठेवावा.

नळाला चुंबक बांधला म्हणजे बोअरचे जड पाणी मऊ होते, असे सांगणारे विक्रेते भेटतात. पाण्यातला चुना चुंबक काढून घेत नाही. तेथे पैसे घालू नयेत.

आता जपणुकीचे. आपल्या देवणी, लालकंधारी गुरांनी कडब्यातून तार-खिळा गिळला तर तो दुसऱ्या पोटात जाऊन बसतो आणि पुढे काळजाला टोचतो. त्यासाठी जनावरांचे डॉक्टर गुळगुळीत चुंबक गुराला गिळवतात. तो जन्मभर पोटात राहतो आणि लोखंड धरून ठेवतो. हे ऐकून कोणी म्हणेल, मग लेकराने गिळला तर काय बिघडले? फार बिघडते. लेकराने दोन चुंबक गिळले, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी तुकडा, तर ते आतड्याच्या दोन वेगळ्या वेढ्यांत राहून एकमेकांना ओढतात. मधले आतडे चिमटते, त्याचे रक्त थांबते आणि भोक पडते. सुरुवातीला लेकरू हसतखेळत असते, पुढे पोटदुखी, ओकारी. केळी खाऊ घालून शौचाची वाट पाहू नका, ओकारी काढू नका. तसेच उचलून मोठ्या दवाखान्यात न्या आणि चुंबक गिळल्याचे आधी सांगा. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. क्ष-किरणांत चुंबक दिसतो. पण एका चित्रात दोन चुंबक एकच भासू शकतात, म्हणून किती गिळले असतील तेही सांगावे.

मोठे चुंबक हातात धरताना बोटे मध्ये सापडू देऊ नयेत. दोन झेपावून आदळले तर कातडी फाटते आणि टवके डोळ्यांत उडतात. छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसाने हे काम दुसऱ्याकडे द्यावे. काम झाल्यावर चुंबक पेटीत सोडून देऊ नयेत. बाहेर काढून, मध्ये लाकडाची फळी घालून, कुलपाच्या कपाटात ठेवावेत, आणि आत ठेवण्यापूर्वी शिक्षकांनी ते स्वतः मोजावेत.