अल्बाट्रॉस : नौदलाची ३१२ वी हवाई स्क्वॉड्रन

दिवसचे दिवस जमिनीकडे न फिरकता समुद्रावर विहरणारा पक्षी म्हणजे अल्बाट्रॉस. भारतीय नौदलाच्या ३१२ क्रमांकाच्या हवाई स्क्वॉड्रनला त्याचेच नाव आहे. किनाऱ्यापासून दूरवर जाऊन जहाजांचा माग ठेवायचा आणि पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकायच्या, हे तिचे काम.

१९७६ पर्यंत लांब पल्ल्याची सागरी टेहळणी हवाई दल करीत असे. त्या वर्षी ही जबाबदारी नौदलाकडे आली आणि १८ नोव्हेंबरला गोव्यात, दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर, ही स्क्वॉड्रन स्थापन झाली. तिच्या वाट्याला आलेली सुपर कॉन्स्टेलेशन विमाने मूळची एअर इंडियाची. जेट विमाने आल्यावर ती हवाई दलाकडे आणि तेथून नौदलाकडे आली होती. १९८३ मध्ये ही जुनी विमाने निवृत्त झाली.

१९८८ मध्ये सोव्हिएत संघाकडून तुपोलेव्ह-१४२ विमाने आली. लांब पल्ल्याच्या बॉम्बफेकी विमानावरून बेतलेली ही आठ अवाढव्य विमाने टर्बोप्रॉप इंजिनांची असूनही वेगात जेट विमानांच्या जवळपास जात. पाणबुडी शोधताना त्यांतून सोनोबॉय नावाची तरंगती श्रवणयंत्रे समुद्रात टाकली जात. पाण्याखालचा आवाज ती रेडिओवरून विमानाला कळवत. अनेक सोनोबॉयच्या नोंदी जुळवल्या की पाणबुडीचा ठाव लागे.

१९९२ मध्ये तमिळनाडूत अरक्कोणम येथे आयएनएस राजाली हा तळ सुरू झाला. त्याची धावपट्टी सुमारे चार किलोमीटर लांब आहे. स्क्वॉड्रनने तेथे मुक्काम हलवला. एकही अपघात न होता २९ वर्षे सेवा बजावून २९ मार्च २०१७ रोजी तुपोलेव्ह निवृत्त झाली. त्यांतले एक विमान विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभे आहे.

त्याआधीच, मे २०१३ मध्ये, पहिले पी-८आय राजालीवर उतरले होते. बोईंग-७३७ या प्रवासी विमानावर आधारलेल्या या विमानात शक्तिशाली रडार, सोनोबॉय, पाणतीर आणि जहाजभेदी क्षेपणास्त्रे असतात. २०१४ मध्ये मलेशियाचे एमएच-३७० विमान बेपत्ता झाले, तेव्हा शोधासाठी पी-८आय पाठवण्यात आले. पुढे लडाखच्या सीमेवरील टेहळणीलाही ही सागरी विमाने उपयोगी पडली.

पहिली आठ पी-८आय अल्बाट्रॉसकडे आली. नंतरच्या चार विमानांसाठी ३१६ क्रमांकाची नवी स्क्वॉड्रन २९ मार्च २०२२ रोजी स्थापन झाली, तीही दाबोळीच्या हंसा तळावरच.