आराखडा कोणासाठी लिहिला?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



‘व्यवसायाचे आराखडे : प्रकार आणि उपयोग’ असा विषय संयोजकांनी मला दिला. विषय थोडा रुक्ष आहे, याची मला जाणीव आहे. परंतु या सभागृहात पेढी उभारणारे आजोबा बसले आहेत, ती वाढवणारे वडील बसले आहेत आणि उद्या ती हाती घेणारी तरुण मुले-मुलीही बसली आहेत. तिन्ही पिढ्यांना एकाच वेळी लागू पडेल असा याहून दुसरा विषय क्वचितच सापडेल.

आपल्याकडे दिवाळीला वहीपूजन होते. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहिले जाते आणि दुसऱ्या पानापासून जमा-नावे सुरू होते. आपली रोजकीर्द आणि खतावणी यांना शेकडो वर्षांची परंपरा आहे. पण वही काय सांगते? जे घडून गेले ते. उद्या काय घडावे अशी आपली अपेक्षा आहे आणि ती कशाच्या आधारावर आहे, हे वही सांगत नाही. ते सांगणाऱ्या कागदाला आराखडा म्हणतात. वही मागे पाहते, आराखडा पुढे पाहतो. व्यवहाराला दोन्ही डोळे लागतात.

मी व्यवसायाने सनदी लेखापाल. पस्तीस वर्षांत शेकडो आराखडे मी लिहिले आणि त्याहून अधिक वाचले. त्यातून एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानी आली. आराखड्याचे प्रकार त्यांच्या नावांवरून ओळखू नयेत, तर तो कोणी वाचावा म्हणून लिहिला आहे, यावरून ओळखावेत. वाचणारा बदलला की आराखडा बदलतो. एकासाठी लिहिलेला आराखडा दुसऱ्याने खरा मानला, की अनर्थ ओढवतो.

पहिला प्रकार व्यवहार्यता अहवालाचा. हा आपण स्वतःसाठी लिहितो, आणि तोही पैसा गुंतवण्यापूर्वी. धंदा करावा की करू नये, एवढाच त्याचा प्रश्न असतो. गिऱ्हाईक आहे काय, कच्चा माल किती दुरून आणावा लागेल, जाणकार कामगार मिळतील काय आणि आधीपासून बाजारात असलेले लोक स्वस्थ बसतील काय, हे त्यात पाहायचे असते. यातील शेवटचा प्रश्न बहुतेकजण विसरतात. आपल्या सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांचे उदाहरण पाहा. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. उतारू होते, माल होता, जिद्द तर होतीच. पण समुद्रावर आधीपासून पाय रोवून बसलेल्या ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडले आणि नव्या कंपनीला जेरीस आणले. अखेर १९२३ मध्ये त्यांच्याशी काही अटींवर समझोता करावा लागला. कंपनी टिकली. पुढे विशाखापट्टणमला वालचंदांनी जहाजबांधणीचा कारखाना काढला आणि तेथे बांधलेली ‘जल-उषा’ १४ मार्च १९४८ रोजी पाण्यात उतरली. परंतु प्रतिस्पर्धी किती काळ तोटा सोसून आपल्याला रोखू शकेल, हा प्रश्न प्रत्येक व्यवहार्यता अहवालात असलाच पाहिजे, हा धडा त्या पहिल्या वर्षांतला आहे.

दुसरा प्रकार प्रकल्प अहवालाचा. हा बँकेसाठी लिहितात. जागा, इमारत, यंत्रे यांचा खर्च, स्वतःचे भांडवल किती आणि कर्ज किती, पाच-सात वर्षांचा अपेक्षित नफा आणि कर्ज फेडण्याची ऐपत दाखवणारे गुणोत्तर, अशी त्याची ठरलेली मांडणी असते. बँकेला आपल्या स्वप्नात रस नसतो. हप्ता वेळेवर येईल काय, एवढेच तिला पाहायचे असते, आणि त्यात तिची काही चूक नाही. मात्र येथे एक मोह दडलेला आहे. नायक समितीच्या शिफारशींनंतर लघुउद्योगांना खेळते भांडवल अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के द्यावे, असा दंडक रूढ झाला. हेतू अत्यंत चांगला, लहान उद्योजकाचे हेलपाटे वाचवण्याचा. पण उलाढालीचा अंदाज जितका फुगवावा तितकी कर्जाची मर्यादा वाढते, हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

तिसरा प्रकार गुंतवणूकदारांसाठी. कंपनी समभाग विक्रीला काढते तेव्हा प्रॉस्पेक्टस प्रसिद्ध करते आणि जमा होणारा पैसा कशासाठी वापरणार, हे त्यात जाहीर करते. हा आराखडा म्हणजे कायद्याच्या साक्षीने दिलेला शब्दच होय. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार तो उद्देश बदलायचा असेल, तर भागधारकांचा विशेष ठराव घ्यावा लागतो आणि ज्यांना बदल मान्य नाही त्यांना बाहेर पडण्याची वाट द्यावी लागते. दिलेला शब्द मोडण्याची किंमत येथे कायद्यानेच ठरवून ठेवली आहे.

चौथा प्रकार वार्षिक अंदाजपत्रकाचा. हा घरातल्या माणसांसाठी, म्हणजे व्यवस्थापक, विक्रेते आणि भांडारपाल यांच्यासाठी असतो. एप्रिल ते मार्च, दर महिन्याला तीन रकाने : अपेक्षित, प्रत्यक्ष आणि फरक. खरा उपयोग तिसऱ्या रकान्याचा. त्यालाच जोडून रोकड-आराखडा हवा. नव्वद दिवसांच्या उधारीवर माल विकला, तर नफा आज कागदावर दिसतो, पण शनिवारचा पगार रोखीने करावा लागतो. नफ्यात असलेले धंदे रोकड संपल्याने बंद पडलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

पाचवा प्रकार दीर्घ पल्ल्याचा. मोठ्या कंपन्यांनी यात एक वेगळी वाट शोधली. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी शेल या तेल कंपनीत पिअर वॅक नावाच्या नियोजकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकच भाकीत करणे सोडून दिले आणि अनेक संभाव्य चित्रे मांडली. तेल-उत्पादक देशांनी पुरवठा आवळला तर काय, हे त्यांपैकी एक चित्र होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि काही महिन्यांतच तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या जवळपास गेला. सारे जग गांगरले. शेलच्या अधिकाऱ्यांनी मात्र त्या प्रसंगाचा विचार आधीच एकदा करून ठेवला होता. त्यांना भविष्य कळले होते असे नव्हे, त्यांची तयारी झाली होती, एवढेच.

सहावा प्रकार आपत्कालीन आराखड्याचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी मुंबईतल्या कितीतरी पेढ्यांच्या वह्या आणि संगणक एकाच पाण्यात भिजले. मार्च २०२० मधील टाळेबंदीने तर सारे बाजार एका रात्रीत बंद केले. हिशोबाची दुसरी प्रत कोठे आहे, विक्री शून्य झाली तर किती महिने तग धरता येईल आणि मालक आजारी पडला तर सहीचा अधिकार कोणाला, या तीन प्रश्नांची उत्तरे एका पानावर मावतात. पण ते पान लिहिलेले घर विरळाच.

अलीकडे नवउद्योजकांत एकपानी आराखड्याची पद्धत रूढ झाली आहे. ऑस्टरवाल्डर आणि पिन्यूर यांनी २०१० च्या सुमारास लोकप्रिय केलेल्या नऊ चौकटींत ग्राहक, मूल्य, वितरण, उत्पन्न, खर्च असे सारे एका दृष्टिक्षेपात दिसते. आणि कागदच हवा असेही नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभी राहिली. त्यांच्याजवळ प्रकल्प अहवाल नव्हता, पण तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, असा नेम मात्र होता. तोही आराखडाच, आणि तो पाळणाऱ्यांनी स्वतःसाठी केलेला.

आता आपली परवानगी घेऊन मी माझी स्वतःची एक चूक सांगतो. व्यासपीठावरून दुसऱ्यांच्या चुका सांगणे सोपे असते.

मी नुकताच व्यवसायात पडलो होतो. एका सद्गृहस्थांना डाळ मिल काढायची होती. ते वयाने वडीलधारे, मी त्यांना शेठजी म्हणे आणि ते मला कौतुकाने साहेब म्हणत. आकडे सोपे करून सांगतो. मिलची क्षमता वर्षाला १२,००० क्विंटल. क्विंटलमागे कच्चा माल, वीज, हमाली वजा जाता २०० रुपये सुटत. पगार, भाडे, बँकेचे व्याज आणि हप्ता मिळून वर्षाचा बांधील खर्च १२ लाख, त्यांपैकी बँकेचे ४ लाख ८० हजार. शेठजी म्हणाले, “पहिल्या वर्षी निम्मी क्षमता चालली तरी खूप.” निम्मी म्हणजे ६,००० क्विंटल. त्यातून १२ लाख सुटतात, खर्चही १२ लाख. म्हणजे बँकेचे देणे जेमतेम भागते, गुणोत्तर १. बँकेला हवे होते दीड. मी गणित उलटे मांडले. क्षमता ६० टक्के धरली की २ लाख ४० हजार उरतात आणि गुणोत्तर नेमके दीड होते. मी ५० चे ६० केले. पेन्सिलीचा एक फटकारा. दुसऱ्या वर्षी ७० आणि तिसऱ्या वर्षी ८०, ही तर तेव्हाची रीतच होती. कर्ज मंजूर झाले, पेढे वाटले गेले.

ते ६० टक्के बँकेसाठी लिहिले आहेत, शेठजींनी मनात ५० च धरायचे आहेत, हे मी त्यांना सांगितले नाही. त्यांनी अहवाल देवघराशेजारच्या कपाटात जपून ठेवला आणि त्याबरहुकूम चालले. हंगामात तूर ६० टक्क्यांच्या हिशोबाने भरली, माणसे तेवढी ठेवली. पहिल्या वर्षी मिल चालली ४५ टक्के. एक लाख वीस हजारांची तूट आली. पडून राहिलेल्या तुरीचा भाव उतरला तो वेगळाच. तिसऱ्या वर्षी यंत्रे विकली गेली. त्या दिवशी शेठजी माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. एवढेच विचारले, “साहेब, तुमच्याच कागदात लिहिलं होतं ना?”

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

हे केवळ लहान गावात घडते असे समजू नये. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पाचा करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. राज्याला तेवढ्या विजेची गरज भासेल आणि वीज मंडळाला ती परवडेल, या गृहीतकांवर तो उभा होता. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचा होता, आणि दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ साली तो ४७ च्या घरात गेला. प्रकल्प किफायतशीर नाही, असे जागतिक बँकेने १९९३ मध्येच म्हटले होते. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. आकडे शेकडो कोटींचे झाले तरी चुकीची जात तीच : गृहीतक लिहून ठेवले, पण ते खोटे ठरले तर काय, हे स्वतःला विचारले नाही.

त्या डाळ मिलनंतर मी तीन नियम पाळत आलो. पहिला, आराखड्याच्या पहिल्या पानावर गृहीतकांची यादी आणि प्रत्येकासमोर ते कोणी, कसे पडताळले त्याची नोंद. दुसरा, प्रत्येक अंदाजाला तीन रकाने : अपेक्षित, बरे आणि वाईट. वाईट रकान्यात घर चालत नसेल तर बँकेची पायरी चढायची नाही. तिसरा, थांबण्याची खूण. किती तोटा झाला, किती महिने क्षमता खाली राहिली की आपण हात आवरणार, हे डोके शांत असताना लिहून ठेवायचे. संकटात माणसाला थांबता येत नाही, आधी लिहिलेला कागद थांबवतो.

आणि बँकेला द्यायचा आकडा व स्वतः मानायचा आकडा वेगळा ठेवावा लागतो आहे असे दिसले, तर दोन आराखडे करू नका. कर्ज कमी घ्या. जो आकडा आपण घरच्यांना डोळ्यांत डोळे घालून सांगू शकत नाही, तो परक्याच्या टेबलावर ठेवू नये.

तरुण मित्रांना माझी एकच विनंती आहे. येत्या दिवाळीला वहीच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहाल, तेव्हा शेवटचे एक पान कोरे राखा. त्यावर यंदा आपण काय गृहीत धरले आहे, ते वडिलांसोबत बसून लिहा, आणि पुढच्या दिवाळीला नवी वही उघडण्यापूर्वी ते पान दोघांनी मिळून वाचा. फरक निघेल. तो लाजण्याचा नसतो, शिकण्याचा असतो.