नजरेची वाट मोकळी होते तेव्हा



डोळ्यातलं भिंग आणि मागचा पडदा यांच्यामध्ये सुमारे 4 मिलिलिटर पारदर्शक गर भरलेला असतो. डोळ्याचा चार-पंचमांश भाग त्यानंच व्यापलेला आहे. पुस्तकात त्याला काचाभ द्रव म्हणतात, दवाखान्यात आम्ही व्हिट्रियस म्हणतो. त्यात 98 टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. तरीही तो पाण्यासारखा ओघळत नाही, आणि प्रकाशाला त्यात कुठेही अडथळा नसतो.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. ही पारदर्शकता आपल्याला आयती मिळालेली नाही. आईच्या पोटात असताना हीच जागा रक्तवाहिन्यांनी भरलेली होती. शरीरानं त्या उभ्या केल्या, वापरल्या आणि वेळेवर काढून टाकल्या, म्हणून आपल्याला दिसतं.

आता क्रमानं पाहू. मी सांगतो ते आठवडे गर्भधारणेपासूनचे आहेत. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मेंदूच्या दोन्ही बाजूंना निघालेले फुगवटे आत दुमडतात आणि त्यांचे दुपदरी पेले होतात. पेल्याच्या तळाशी एक फट राहते. याच फटीतून हायलॉइड धमनी आत शिरते आणि भिंगापर्यंत पोचते. वाटेत तिला फांद्या फुटतात, भिंगाभोवती त्यांचं जाळं विणलं जातं. ही धमनी, तिच्या फांद्या आणि भोवतालच्या पेशी मिळून पहिला काचाभ तयार होतो. त्याची गरज असते, कारण वाढत्या भिंगाला अन्न हवं असतं आणि पडद्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या अजून जन्मालाही आलेल्या नसतात. सातव्या आठवड्याच्या सुमारास फट मिटते. ती मिटायची राहिली, तर बाळाची बाहुली खालच्या बाजूला किल्लीच्या भोकासारखी लांबट दिसते. त्याला आम्ही कोलोबोमा म्हणतो.

दुसरा महिना संपता संपता पहिल्या काचाभाच्या भोवतीनं दुसरा काचाभ साठू लागतो. यात रक्तवाहिन्या नसतात. यातले कोलॅजेनचे तंतू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी बारीक असतात, त्यामुळे प्रकाश विखुरत नाही. तंतूंच्या मधली जागा हायलुरोनन नावाचा पदार्थ पाणी धरून भरून काढतो. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी 1934 साली तो पहिल्यांदा वेगळा केला, तोही गुरांच्या डोळ्यातल्या याच गरातून. आज सांध्यात देतात त्यातल्या काही इंजेक्शनांमध्ये तोच असतो.

हा गर नुसती जागा भरत नाही, तो डोळा वाढवतो. 1956 साली आल्फ्रेड कूलोंब्र यांनी अंड्यातल्या कोंबडीच्या पिलाच्या डोळ्यात एक बारीक नळी बसवली. आतला द्रव बाहेर झिरपत राहिला, आतला दाब पडला आणि डोळ्याची वाढ खुंटली. आतून दाब मिळाला तरच डोळ्याचा गोल मोठा होतो, हे त्या एका नळीनं दाखवून दिलं.

दुसरा काचाभ वाढतो तसा पहिला मधोमध दाबला जातो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून जुन्या रक्तवाहिन्या ओसरू लागतात आणि सातव्या महिन्याच्या आसपास हायलॉइड धमनीतला प्रवाह थांबतो. या वाहिन्यांच्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात. मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्यांना मरणाचा संदेश देतात आणि नंतर अवशेषही गिळून टाकतात. मागे उरते ती एक अरुंद वाट, क्लोके यांच्या नावानं ओळखली जाणारी. उंदरांमध्ये तर आणखी नवल दिसलं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, गाभण उंदरीण शेवटच्या दिवसांत पूर्ण अंधारात राहिली, तर पिलांच्या डोळ्यातल्या या वाहिन्या नीट ओसरत नाहीत. हे उंदरांपुरतं आहे. त्यावरून गरोदर बाईसाठी कुणी उपाय काढू नये.

ही आवराआवर कधी अपुरी राहते. भिंगाच्या मागच्या बाजूला मोहरीहून लहान पांढरा ठिपका उरला, तर सहसा काही बिघडत नाही. तपासताना तो दिसला की मी पालकांना सांगतो, जुन्या धमनीची खूण आहे, काळजी करू नका. पण सगळं जाळंच टिकून राहिलं, तर डोळा लहान राहतो, भिंगामागे पांढरा पापुद्रा येतो आणि नजर जाते. अल्जर्नन रीझ यांनी 1955 साली या विकाराचं सविस्तर वर्णन केलं. बहुधा तो एकाच डोळ्यात असतो.

भिंगामागच्या अशा पापुद्र्यानं बाहुली पांढरी दिसते, पण तशी दिसण्याची कारणं अनेक आहेत. 1942 साली बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांना फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या भिंगामागे पांढरा पापुद्रा दिसला. गर्भातल्या जुन्या वाहिन्याच वाढल्या असाव्यात, असं त्यांना वाटलं. पुढे कळलं की मूळ दुखणं पडद्याच्या नव्या, अर्धवट वाढलेल्या वाहिन्यांत आहे. 1951 साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी जादा ऑक्सिजनकडे बोट दाखवलं आणि पुढच्या चाचण्यांनी ते खरं ठरवलं. हाच आजचा आरओपी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पडद्याचा आजार. पडद्याच्या वाहिन्या कडेपर्यंत पोचायला जवळजवळ पूर्ण नऊ महिने लागतात, म्हणून धोका अपुऱ्या दिवसांच्या बाळाला.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. बाळ 34 आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन 2 किलोपेक्षा कमी असेल, तर जन्मानंतर 30 दिवसांच्या आत त्याचा पडदा तपासून घ्या. फारच लहान बाळाला त्याहीआधी न्यावं लागतं. घरी आलेलं बाळ दूध पितंय, वजन वाढतंय, म्हणून ही तारीख टाळू नका. आणि कुठल्याही बाळाची बाहुली उजेडात किंवा फोटोत पांढरी चमकली, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ती मागे राहिलेली रक्तवाहिनी असेल, मोतीबिंदू असेल किंवा रेटिनोब्लास्टोमा हा कॅन्सर असेल. घरबसल्या ते ओळखता येत नाही, आणि लवकर कळलं तर पुष्कळ काही वाचवता येतं. आजीनं, आत्यानं, शेजारणीनं, ज्याला दिसेल त्यानं बोलावं.